पट्टी सोडायची वेळ

नोव्हेंबरात आमच्या तासगावकडच्या रानात सकाळी चांगलंच दव पडतं. अशा दिवसांत द्राक्षवाला उठल्या उठल्या आधी पानं पालथी करून बघतो. भुरी आली का, डाऊनी दिसते का, ही धास्ती त्याच्या उशाशीच असते. आज मात्र मी पानं बघायला निघालो नव्हतो. खिशात कलमाचा चाकू होता. नव्या लावणीतल्या डॉगरीजच्या खुंटांवर ऑगस्टच्या अखेरीस कलमं भरली होती. काड्या फुटून बांबूला लागल्या होत्या आणि जोडावर बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आता सालीत रुतायला लागल्या होत्या. त्या सोडायच्या होत्या.

मागून भाची येत होती. वॉकर नाही, ब्रेस नाही. सरीवरून चालताना पाय जपून टाकत होती, पण लंगडत नव्हती. तिचंही कलम ऑगस्टातलंच. गुडघ्यातलं.

ती कराडजवळच्या गावची. कबड्डीत चढाईला जाते. जुलैमधल्या एका सामन्यात बोनस घेऊन मागे फिरताना तिचा पाय मॅटवर रुतला, कंबरेपासून वरचं अंग फिरलं आणि गुडघा जागीच राहिला. नंतर मला सांगताना म्हणाली, "मामा, वाळलेली काडी मोडल्यागत आतनं आवाज आला ओ." एमआरआय झाला. एसीएल पूर्ण तुटलं होतं.

हा एसीएल म्हणजे मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरका बांधणारा दोर. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. पण त्याचं बळ बघावं. वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दान केलेल्या गुडघ्यांवर मोजमापं केली. तरुण वयाच्या गुडघ्यातला हा बंध तुटायला सरासरी २१६० न्यूटन, म्हणजे जवळपास २२० किलोंची ओढ लागली. करंगळीएवढ्या दोराला दोन क्विंटलांहून जास्त वजन! आणि एवढा बळकट बंध एकदा तुटला की सहसा आपला आपण जुळत नाही. सांध्यातल्या द्रवात त्याची टोकं मोकळी तरंगत राहतात. म्हणून नवा बंध घालावा लागतो.

तो नवा बंध आणायचा कुठून? तिच्याच मांडीच्या मागच्या बाजूच्या दोन कंडरा काढायच्या, चौपदरी करायच्या, दोन्ही हाडांत बोगदे पाडून त्यातून ओढून घ्यायच्या आणि बोगद्यात घट्ट बसवायच्या. सगळं दुर्बिणीतून, लहान छिद्रांमधून. ऐकताना मला वाटलं, हे तर आपलंच काम. खुंटाला चीर द्यायची, काडीला पाचरीसारखा काप घ्यायचा, चिरेत बसवायची आणि पट्टी आवळायची. आम्ही त्याला पाचर कलमच म्हणतो.

ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे दवाखाना उभा केला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. सातारा, सांगली, कोल्हापूर, पलीकडचं बेळगाव, सगळीकडची माणसं दुखणं घेऊन तिथेच उतरतात. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवलं आणि विचारलं, की बंध बसवायला स्क्रू धातूचा घालायचा की विरघळणारा?

दाजी लगेच म्हणाले, "घट्ट बसंल त्योच घाला, डॉक्टर. धातूचाच बरा." ताईचा जीव वेगळ्या ठिकाणी अडकला होता. "लेकराच्या अंगात जन्मभर धातू नको." दोघांचंही मला पटत होतं.

डॉक्टरांनी दोन्ही स्क्रू आमच्या तळहातावर ठेवले. टायटॅनियमचा राखाडी, थंडगार, आट्यांच्या कडा बोटाला जाणवणाऱ्या. दुसरा दुधी रंगाचा, मेणबत्तीच्या तुकड्यासारखा हलका. दोन्ही करंगळीच्या पेराएवढेच. त्या धातूच्या स्क्रूवर बोट फिरवताना माझ्या मनात आलं, की उद्या पोरगी मैदानात उतरणार ती या पेरभर वस्तूच्या जिवावर. तेव्हा तरी मला तसंच वाटलं होतं.

हा स्क्रू बंधाला भोसकत नाही. बोगद्याची भिंत आणि बंध यांच्यामध्ये शिरतो आणि बंधाला भिंतीवर दाबून धरतो. खोऱ्याच्या दांड्याला पाचर ठोकतात तसाच. दांडा मजबूत, खोरं मजबूत, पण पाचर ढिली असेल तर पहिल्याच घावाला खोरं निसटतं. कुरोसाका आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हेच मोजून दाखवलं. ऑपरेशन ताजं असताना सगळ्यात कच्चा दुवा असतो तो बंध अडकवलेल्या जागेचा. चौपदरी कंडरा सारख्या ताणाने ओढल्या तर प्रयोगशाळेत त्या ४०० किलोंच्या वर ओढ सोसतात. एवढा दणकट दोर आपण एका पेरभर पाचरीच्या भरवशावर सोडतो.

मग कोणती पाचर बळकट? १९९६ मध्ये पेना आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर दोन्ही स्क्रू ताणून पाहिले. बंध गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा होता, दोन्ही टोकांना हाडाचा तुकडा असलेला. धातूच्या स्क्रूची पकड सरासरी ६४० न्यूटनला सुटली, विरघळणाऱ्याची ४१८ न्यूटनला. किलोंत सांगायचं तर ६५ आणि ४३. रोजच्या साध्या हालचालीत या बंधावर सुमारे ४५ किलोंपर्यंत ताण येतो, असा नॉइज यांचा १९८४ चा अंदाज सांगतात. म्हणजे दाजींची काळजी वाया नव्हती. पण दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, वायलर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या घडणीचे विरघळणारे स्क्रू टायटॅनियमशी ताडून पाहिले, तेव्हा चांगल्या घडणीच्या स्क्रूंची पकड धातूच्या बरोबरीची निघाली. या साऱ्यात हाडाचाही वाटा असतो. हाड भरीव असेल तर पकड वाढते, ठिसूळ असेल तर टायटॅनियमलाही धरायला काही उरत नाही. पाचर कितीही चांगली असली तरी दांड्याचं लाकूड कुजकं असून कसं चालेल?

विरघळणाऱ्या स्क्रूची एक नड मात्र खरी. कठीण हाडात पिळताना तो मोडू शकतो. म्हणून त्याचा पाना स्क्रूच्या डोक्यातच थांबत नाही, पोटातून पार शेवटापर्यंत जातो आणि पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो. ज्याला सोसवत नाही त्याच्या एकाच जागी सगळा भार देऊ नये, एवढी साधी समज त्या घडणीत आहे.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं त्याने माझा सगळा विचार पालटला. "स्क्रूला हे सगळं दहा-बारा आठवडेच धरायचंय. पुढं हाड धरतं."

ही गोष्टही मोजलेली आहे. रोडिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात हाडाच्या बोगद्यात कंडरा बसवल्या आणि ठरावीक आठवड्यांनी ओढून पाहिल्या. आठ आठवड्यांपर्यंत कंडरा बोगद्यातून उपटून येत होती. बाराव्या आठवड्यानंतर ती बोगद्यातून सुटेना, सुटलीच तर दुसरीकडे कुठेतरी. हाडानं तिला धाग्याधाग्यानं आपल्यात घेतलं होतं. म्हणजे धातू की विरघळणारा या वादात आम्ही ज्या बळाची चर्चा करत होतो ते एका ऋतूपुरतं बळ होतं. आम्ही विचारत होतो, स्क्रू किती घट्ट? विचारायला हवं होतं, हाडानं आपला हात पुढे करेपर्यंत तो तग धरेल का? एवढं ज्याला जमलं त्याचं बळ पुरेसं.

विरघळणारा स्क्रू बहुधा पॉलिलॅक्टिक आम्लाचा असतो. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारं तेच आम्ल. ते साखर आंबवून करतात, उसाच्या साखरेपासूनही करता येतं. कृष्णाकाठच्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. हाडाच्या आत ओल असते. ते पाणी स्क्रूच्या लांब साखळ्या हळूहळू तोडत जातं. बळ आधी जातं, आकार मागून. स्क्रू दिसायला तसाच असतो, पण त्यातला जोर ओसरलेला असतो. पूर्ण नाहीसा व्हायला त्याला कित्येक वर्षं लागू शकतात. शेवटी उरतं ते लॅक्टिक आम्ल. चढाईला दमछाक झाली की पोरीच्या मांडीत जे तयार होतं ते हेच. शरीराला त्याची ओळख जुनी आहे. त्याचं पाणी होतं, कार्बन डाय ऑक्साइड होतो, आणि तो श्वासावाटे बाहेर पडतो. गुडघा धरून ठेवणारी वस्तू एक दिवस उच्छ्वासातून निघून जाते. हे कळल्यापासून तिच्या श्वासाकडे मी जरा वेगळ्या लक्षानं बघतो.

पण धातूला कमी लेखण्याचं कारण नाही. विरघळणाऱ्या स्क्रूच्या जागी कधी पाण्याची गाठ होते, कधी बोगदा रुंदावतो, कधी तुकडा सुटून सांध्यात येतो. टायटॅनियम असले त्रास सहसा देत नाही. एमआरआयवर त्याची सावली पडते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर वाटेतून काढावा लागतो, एवढंच. कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या चालण्या-खेळण्यात फरक आढळला नाही. विरघळणाऱ्यात मोडण्यासारखे अपयशाचे प्रसंग थोडे जास्त असावेत, असं मात्र त्यात नोंदलं आहे, आणि हाताशी असलेला पुरावा भक्कम नसल्याचंही प्रांजळपणे सांगितलं आहे. आणि बारा आठवड्यांनी हाडानं बंध धरला की धातूच्या स्क्रूलाही काम उरत नाही. तो आत असतो, पण भार वाहत नाही. एक विरघळून मोकळा होतो, दुसरा जागेवर राहून.

भाचीच्या गुडघ्यात दोन्ही आले. मांडीच्या हाडाशी बंधाला अडकवणारं धातूचं छोटं बटण, नडगीच्या हाडात विरघळणारा स्क्रू. ताई आणि दाजी, दोघांचंही देवानं ऐकलं असं म्हणायचं.

सहाव्या आठवड्यातली एक संध्याकाळ अजून डोळ्यांपुढून जात नाही. दुखणं थांबलं होतं, सूज उतरली होती, गुडघा नव्वद अंशांच्या पुढे वाकत होता. मी मळ्यातून आलो तर पोरगी अंगणात पाय बदलत, हात पसरून चढाईचा पवित्रा घेत होती. मी काही बोलायच्या आधी ओट्यावरून आण्णांचा आवाज आला. आण्णा म्हणजे माझे वडील, ऐंशी पार केलेले. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "हिकडं ये." तिला घेऊन शेजारच्या लावणीत गेले आणि एका कलमावर बोट ठेवलं. काडीला पोपटी फूट आली होती, दोन-तीन पानं उलगडली होती. "हे बघून काय वाटतं?" ती म्हणाली, "लागलं की कलम." आण्णा म्हणाले, "फूट आली म्हंजे जोड धरला असं नव्हं, बाळ. काडीतल्या काडीत जेवढी वल असती तेवढ्यावर पानं फुटत्यात. आत्ता पट्टी सोडली तर वाऱ्याच्या झुळकीला काडी हातात यील."

आण्णांनी गुडघ्याचा अभ्यास केलेला नाही. पण डॉक्टरही हेच सांगत होते. शरीर नव्या बंधाला आधी कमकुवत करतं. त्यातल्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, धागे पुन्हा विणले जातात. या मधल्या दिवसांत बंध स्वतःच सगळ्यात नाजूक झालेला असतो, आणि नेमका तेव्हाच गुडघा दुखायचा थांबलेला असतो. दुखणं थांबलं म्हणजे बरं झालं, अशी आपली समजूत. खरं तर दुखणं हाच तोवरचा राखणदार होता. तो रजेवर गेला की राखण आपल्यालाच करावी लागते.

म्हणून तिला मे महिन्याआधी मैदान नाही. ऑस्लोमधल्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की नऊ महिन्यांपर्यंत परतणं जेवढं लांबवावं तेवढा पुन्हा दुखापतीचा धोका महिन्यागणिक जवळजवळ निम्म्यानं उतरतो. नऊ महिने हा आकडा ऐकून ताई हसली होती. तिला तो कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी मिरजेच्या वाटेवर गाडीत दाजींनी खाशाबांचा विषय काढला होता. दाजींच्या गावापासून गोळेश्वर लांब नाही. तिथले खाशाबा जाधव १९५२ ला हेलसिंकीत लढले आणि स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक देऊन आले. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, महाराष्ट्र आता राज्य क्रीडा दिन पाळतो. पण १९५६ च्या मेलबर्नला ते जाऊ शकले नाहीत. आड आला तो गुडघा. दाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "त्या काळात असलं काही असतं तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मागच्या सीटवर पोरगी पाय लांब करून बसली होती. तालमींच्या या मुलखात किती गुडघे लेप लावून, पट्ट्या बांधून आखाड्यातून कायमचे घरी गेले असतील! त्यांच्यात बळ कमी नव्हतं. त्यांना आधार मिळाला नाही, एवढंच.

आणि आज सकाळी आम्ही बागेत उभे होतो. तिच्या ऑपरेशनला बारा आठवडे पुरे झाले होते. मी चाकू तिच्या हातात दिला. डोळ्याच्या उलट्या बाजूनं, वरून खाली, सालीला न लागता पट्टीला चीर कशी द्यायची ते दाखवलं. तिनं गुडघा जपत एक पाय मागे घेतला, वाकली, चीर दिली. ताणलेली पट्टी चटकन उलगडली. आत सालीवर तिचा वळ उमटला होता, फिकट, गोल. त्या वळाच्या मधोमध खुंट आणि काडी यांचा जोड होता. जाडसर, खडबडीत, गाठीसारखा. तिनं तिथे अंगठा दाबून पाहिला.

"मामा, एवढ्यात नाय सोडली तर?"

"काच पडतो. पट्टीच खोडाचा गळा आवळती."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग माझ्या नडगीतला स्क्रू शहाणा म्हणायचा. त्याला सोडायला कुणाला यावं लागत नाय."

आम्ही ओळीनं पुढे गेलो. सातव्या-आठव्या कलमाला पट्टी सैलच निघाली, जोड नीट बसला नव्हता. ती मी पुन्हा आवळून बांधली. प्रत्येकाची वेळ एकच नसते. पट्टी सोडायची ती कॅलेंडर बघून नव्हे, जोडाला हात लावून.

मागे वळून पाहिलं तर आण्णा बांधावर येऊन बसले होते. पाच वर्षांपूर्वी त्यांनी बागेचे सगळे निर्णय माझ्यावर सोडले. छाटणी कधी, फवारणी कोणती, माल कुणाला द्यायचा, कशातच पडत नाहीत. पण रोज सकाळी बांधावर येऊन बसतात. मी विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तर बसून राहतात. आई जाऊन आता सात वर्षं झाली. तिनं मला किती धरून ठेवलं होतं हे ती असताना कधी जाणवलं नाही. ती गेली तेव्हा मी कोसळेन असं वाटलं होतं. कोसळलो नाही. तोवर जोड धरला होता.

ओळ संपली तेव्हा ऊन पानांवर आलं होतं आणि दव उडायला लागलं होतं. भाचीनं सोडलेल्या पट्ट्यांची मूठभर गुंडाळी माझ्या हातात दिली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि एक लांब श्वास सोडला.